रंगीत मजकूर काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापताना: फाइलपासून कागदापर्यंत, क्रमाने

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी उपविधींमधल्या दुरुस्त्यांचा मसुदा मी वर्डमध्ये तयार केला होता. वगळायचा मजकूर लाल, नव्याने घालायचा निळा. पडद्यावर सगळं स्पष्ट दिसत होतं. प्रती मात्र काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर निघाल्या आणि त्यावर लाल आणि निळा दोन्ही एकाच राखाडी रंगात उमटले. कोणतं वाक्य जातंय आणि कोणतं येतंय, हे सभेत कुणालाच कळेना. एका सभासदाने ‘बाद’ हा शब्द ‘वाद’ असा वाचला, कारण ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ छपाईत विरून गेली होती.

प्रश्नपत्रिका, वसुलीच्या नोटिसा, कराराचे मसुदे, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सगळीकडे हेच होताना मी पाहते. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. लोक आधी पीडीएफ करतात, मग दुकानात जातात, प्रिंट फिकट आली की प्रिंटरची सेटिंग्ज शोधायला लागतात. खरं काम त्याआधी, फाइलमध्येच करायचं असतं: रंग जे सांगत होता ते आधी दुसऱ्या खुणेने सांगायचं, मग रंग काढायचा, मग पीडीएफ, आणि प्रिंटर सर्वांत शेवटी.

## आधी एवढं समजून घ्या

काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरमध्ये राखाडी टोनर (छपाईची पूड) नसतो. त्याच्याकडे फक्त काळा असतो. राखाडी दाखवायचा तर तो काळे ठिपके कमी-जास्त दाट टाकतो आणि लांबून आपल्याला राखाडी दिसतो.

६०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके टाकणाऱ्या प्रिंटरवर एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटरचा असतो. समजा, प्रिंटर सहा बाय सहा ठिपक्यांच्या चौकोनातून एक छटा तयार करतो. म्हणजे एक चौकोन झाला जवळपास पाव मिलिमीटरचा. आता ११ पॉइंटच्या साध्या अक्षराची रेघ पाहा: तीही जेमतेम ०.३ मिलिमीटरच्या आसपास. छटेचा चौकोन आणि अक्षराची रेघ जवळपास सारख्याच जाडीची, त्यामुळे रेघेच्या कडा करवतीसारख्या होतात आणि बारीक भाग गळतात. काळ्या अक्षराला हा त्रास नाही, कारण तिथे सगळेच ठिपके भरलेले असतात.

देवनागरीत हे जास्त जाणवतं. अनुस्वार, रफार, उकार, ‘ष’ आणि ‘ब’ मधली तिरकी रेघ हे सगळे बारीक भाग आहेत आणि अर्थ त्यांच्यावरच अवलंबून असतो. ‘वंश’चा अनुस्वार गेला की ‘वश’ उरतो.

दुसरी गोष्ट: रंगाची राखाडी छटा ठरते ती त्याच्या उजळपणावरून. नेहमीचं सूत्र लाल घटकाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ इतकं वजन देतं. वर्डच्या रंगपट्टीतल्या ठरावीक रंगांना ते लावलं की काळेपणा असा येतो:

- गडद निळा: ८८ टक्के
- गडद लाल: ७७ टक्के
- लाल: ७० टक्के
- जांभळा: ६९ टक्के
- निळा: ६६ टक्के
- हिरवा: ५६ टक्के
- फिका निळा: ४९ टक्के
- फिका हिरवा: ३१ टक्के
- नारिंगी: २६ टक्के
- पिवळा: ११ टक्के

प्रत्येक ड्रायव्हर (संगणकातलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) थोडा वेगळा हिशेब करतो, पण चित्र साधारण हेच राहतं. लाल, जांभळा आणि निळा एकमेकांना चिकटून आहेत. आपण सगळ्यात जास्त वापरतो ते हेच तीन रंग, आणि कागदावर ते ओळखू येत नाहीत.

## टप्पा १: तयारी

फाइलची प्रत करा आणि नावात ‘छपाई’ असा शब्द घाला. मूळ रंगीत फाइल तशीच राहू द्या. मेलने पाठवायला ती लागेल.

मग तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. छपाई कुठे होणार: घरचा इंकजेट, ऑफिसचा लेझर की झेरॉक्सचं दुकान? प्रती फाइलमधून निघणार की एका प्रिंटवरून झेरॉक्स होणार? आणि फाइलमध्ये कोणता रंग कशासाठी वापरला आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बहुतेक फाइलींमध्ये रंगांचे दोन प्रकार असतात. काही रंग केवळ सजावटीचे, उदाहरणार्थ वर्डने शीर्षकांना आपोआप दिलेला निळा. काही रंग मात्र काहीतरी सांगत असतात: लाल म्हणजे थकबाकी, हिरवा म्हणजे बरोबर उत्तर. सजावटीचे रंग बिनधास्त काढता येतात. बोलणारे रंग तसे काढले तर माहितीच जाते.

तपासणी: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली ‘कलर फिल्टर्स’मध्ये ‘ग्रेस्केल’ निवडा आणि सगळा पडदा राखाडी करून फाइल वरपासून खालपर्यंत वाचा. मॅकवरही ‘ॲक्सेसिबिलिटी’तल्या ‘डिस्प्ले’मध्ये हीच सोय आहे. जिथे ‘हे कशाबद्दल आहे?’ असं थांबावं लागलं, तिथे खूण करून ठेवा.

## टप्पा २: रंगाचा अर्थ दुसऱ्या खुणेत उतरवा

हा टप्पा लोक गाळतात आणि थेट सगळं काळं करून मोकळे होतात. मग उत्तरसूचीतली उत्तरं प्रश्नांत मिसळून जातात. म्हणून रंग अजून फाइलमध्ये असतानाच हे करा, कारण रंगावरूनच मजकूर शोधता येतो.

कोणती खूण निवडायची? मराठी मजकुरासाठी माझा अनुभव असा:

ठळक अक्षर सर्वांत भरवशाचं. नव्याने घातलेला मजकूर, बरोबर उत्तर, महत्त्वाची तारीख, सगळ्यांना चालतं.

वगळायच्या मजकुरावर आडवी रेघ मारा. देवनागरीत शिरोरेघ वर असते आणि ही रेघ मधून जाते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या दिसतात.

अधोरेखन जपून वापरा. ‘पु’, ‘कृ’, ‘सू’ यांच्या खालच्या मात्रा त्या रेषेत अडकतात. फार तर शीर्षकाच्या एखाद्या ओळीला ठेवा.

तिरपं अक्षर टाळा. अनेक देवनागरी फॉन्टना खरा तिरपा प्रकार नसतो. वर्ड सरळ अक्षरंच कलती करतो आणि छापल्यावर तो फरक डोळ्यांत भरत नाही.

आणि जिथे गैरसमज परवडणार नाही तिथे शब्दच लिहा: ‘वगळले’, ‘नवीन’, ‘थकबाकी’. कायदेशीर मसुद्यात आणि पैशांच्या बाबतीत मी खुणेवर कधीच थांबत नाही, शब्द लिहितेच. सोसायटीच्या मसुद्यातही शेवटी तेच केलं: प्रत्येक वगळलेल्या कलमापुढे चौकटी कंसात ‘वगळले’.

आता वर्डमध्ये हे एका फटक्यात कसं करायचं ते पाहू. लाल मजकुरावर आडवी रेघ मारून तो काळा करायचा आहे असं धरा.

१. कंट्रोल आणि एच दाबा, ‘मोअर’ उघडा.
२. ‘फाइंड व्हॉट’च्या चौकटीत कर्सर ठेवा, चौकट रिकामी ठेवा. खाली ‘फॉरमॅट’ → ‘फॉन्ट’ मध्ये जाऊन फॉन्टचा रंग लाल निवडा.
३. ‘रिप्लेस विथ’च्या चौकटीत ^& ही दोन चिन्हं टाका. त्यांचा अर्थ ‘जे सापडलं तेच परत ठेव’.
४. तिथेच ‘फॉरमॅट’ → ‘फॉन्ट’ मध्ये ‘स्ट्राइकथ्रू’ला टिक करा आणि रंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.
५. पहिले दोन-तीन बदल ‘रिप्लेस’ने एकेक करून बघा. ठीक वाटलं तरच ‘रिप्लेस ऑल’.

सावधान: दुसरी चौकट रिकामी असेल आणि तिच्याखाली फॉरमॅटची ओळही नसेल, तर ‘रिप्लेस ऑल’ दाबताच सगळा लाल मजकूर पुसला जाईल. ^& टाकायची सवय याचसाठी. चुकून झालंच तर लगेच कंट्रोल आणि झेड.

सावधान: ठळक करताना मराठीपुरती एक अडचण येते. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिच्यासाठी फॉन्टच्या चौकटीत वेगळा भाग असतो. रिप्लेसमध्ये वरच्या, लॅटिन भागात ‘बोल्ड’ निवडलं की इंग्रजी शब्द आणि इंग्रजी आकडे ठळक होतात, मराठी तसाच राहतो. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या भागातही ‘बोल्ड’ निवडा.

काही लाल मजकूर सुटला असं दिसलं तर बहुधा तो दुसराच लाल आहे: कुठे गडद लाल, कुठे वेबपानावरून चिकटलेला तिसराच. अशा एका शब्दावर कर्सर ठेवा, ‘होम’ टॅबच्या उजव्या टोकाला ‘सिलेक्ट’मधून सारखं फॉरमॅटिंग असलेला मजकूर निवडण्याचा पर्याय घ्या, आणि निवडलेल्या सगळ्याला एकदम खूण द्या.

## टप्पा ३: रंग काढा, आणि काढताना कोपरे विसरू नका

क्रम असा ठेवा: आधी स्टाइल, मग थेट दिलेले रंग, शेवटी कोपरे.

स्टाइल. शीर्षकाची स्टाइल वर्डमध्ये मुळातच रंगीत असते. एकेक शीर्षक निवडून काळं करत बसू नका. ‘होम’ टॅबवर त्या स्टाइलवर राइट क्लिक → ‘मॉडिफाय’ → रंग ‘ऑटोमॅटिक’. वापरलेल्या प्रत्येक पातळीसाठी हे एकदाच करावं लागतं. लिंकची स्वतःची स्टाइल असते. लिंकवर कर्सर ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबलं की त्या स्टाइलची छोटी खिडकी येते, तिथूनच ‘मॉडिफाय’ करा.

थेट दिलेले रंग. कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, फॉन्टचा रंग ‘ऑटोमॅटिक’ करा. ‘ब्लॅक’ऐवजी ‘ऑटोमॅटिक’ का? पांढऱ्या कागदावर दोन्ही काळेच छापतात. पण गडद पट्टीवर ‘ऑटोमॅटिक’ अक्षर आपोआप पांढरं होतं आणि वाचता येतं.

कोपरे. कंट्रोल आणि ए मुख्य मजकूर आणि त्यातली कोष्टकं निवडतं. एवढंच. पुढच्या जागा हाताने करायच्या:

- हेडर आणि फूटर: डबल क्लिक करून आत जा, तिथे पुन्हा कंट्रोल आणि ए. फाइलमध्ये अनेक सेक्शन असतील तर प्रत्येकात.
- तळटीपा: एका तळटीपेत क्लिक करून कंट्रोल आणि ए दाबलं की सगळ्या निवडल्या जातात.
- टेक्स्ट बॉक्स आणि आकृत्यांमधला मजकूर: एकेक.

सावधान: ‘डिझाइन’ टॅबमधल्या ‘कलर्स’ यादीत ‘ग्रेस्केल’ नावाचा संच आहे. काळी-पांढरी छपाई म्हणून लोक तो निवडतात. त्याने शीर्षकं काळी होत नाहीत, राखाडी होतात, म्हणजे ज्या ठिपक्यांपासून सुटका हवी तेच पुन्हा येतात.

आता एक फसवी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. काळं दिसणारं प्रत्येक अक्षर काळं नसतं. वेबपानावरून उचललेला मजकूर अनेकदा गडद राखाडी असतो. वर्डच्या रंगपट्टीतही काळ्याच्या खाली पाच छटा असतात. त्यातली २५ टक्के उजळ छटा पडद्यावर जवळपास काळीच भासते, पण प्रिंटर तिला ७५ टक्के समजून ठिपके टाकतो. ‘टोनर नवा आहे, तरी अक्षर भुरकट का?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे असतं. सगळं निवडून ‘ऑटोमॅटिक’ केलं की हे आपोआप मिटतं.

तपासणी: सगळा मजकूर निवडा आणि फॉन्टची चौकट उघडा. रंगाच्या जागी ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं हवं. ती जागा रिकामी दिसली तर आत कुठेतरी दुसरा रंग शिल्लक आहे.

### फाइलला हात न लावता?

वर्डमध्ये एक पर्याय आहे: ‘फाइल’ → ‘ऑप्शन्स’ → ‘ॲडव्हान्स्ड’, अगदी तळाशी ‘लेआउट ऑप्शन्स’मध्ये, रंगीत नसलेल्या प्रिंटरवर रंग काळे छापण्याचा. ही यादी फाइलच्या आवृत्तीनुसार लहान-मोठी होते. तुमच्या फाइलमध्ये तो पर्याय नसला तर शोधत बसू नका, वरच्या मार्गाने जा. असला तरी त्याची अट लक्षात ठेवा: प्रिंटर रंगीत नसावा. रंगीत प्रिंटरवर ‘ग्रेस्केल’ निवडून छापलं तर हा पर्याय लागू होत नाही. पीडीएफ करतानाही नाही.

लिबरऑफिस रायटरमध्ये काम सोपं आहे. ‘फाइल’ → ‘प्रिंट’ केल्यावर ‘लिबरऑफिस रायटर’ या टॅबवर मजकूर काळ्यात छापण्याची टिक आहे. नेहमीसाठी हवी असेल तर ‘टूल्स’ → ‘ऑप्शन्स’ → ‘लिबरऑफिस रायटर’ → ‘प्रिंट’ मध्ये लावा. शेजारच्या एका पानावर रंगांचं ग्रेस्केलमध्ये रूपांतर करण्याचा पर्यायही आहे. तो मजकुरासाठी नको, त्याने पुन्हा राखाडीच मिळेल.

गूगल डॉक्समध्ये अशी सोय नाही. ब्राउझरच्या छपाईच्या खिडकीत ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलं तरी छटा येतात. तिथे सगळं निवडून रंग काळा करणं हाच उपाय.

## टप्पा ४: हायलाइट, कोष्टक, आलेख

पिवळा हायलाइट ११ टक्के छापतो, म्हणजे मागे विरळ ठिपक्यांची चादर. अक्षर वाचता येतं पण अस्वच्छ दिसतं. गडद निळा किंवा गडद लाल हायलाइट असेल तर काळं अक्षर त्यात बुडतं. हायलाइट काढून परिच्छेदाला डाव्या बाजूला जाड उभी रेघ द्या. ‘बॉर्डर्स’मध्ये ‘लेफ्ट बॉर्डर’. फाइल न बदलता तात्पुरते लपवायचे तर ‘ऑप्शन्स’ → ‘डिस्प्ले’ मधली हायलाइट दाखवण्याची टिक काढा. पडद्यावरून जातात आणि छपाईतूनही.

कोष्टकाच्या शीर्षकाची पट्टी एकतर पूर्ण काळी ठेवून अक्षर पांढरं आणि ठळक करा, नाहीतर पांढरी ठेवून खाली जाड रेघ द्या. मधल्या छटा नकोत. मजकुरामागे छटा द्यावीच लागली तर १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. अर्ध्या पॉइंटच्या राखाडी चौकटी तुटक दिसतात; रंग काळा करा, जाडी तीच राहू द्या.

आलेखात रंगसूची हीच खरी अडचण आहे. बाजूला चौकोन आणि नावं असतात आणि वाचकाने रंग जुळवायचे असतात. राखाडीत ते जमत नाही. नावं थेट स्तंभांवर किंवा रेषांच्या टोकाला लिहा. स्तंभ वेगळे दाखवायला ‘फिल’मधला ‘पॅटर्न फिल’ वापरा: एकाला तिरक्या रेघा, एकाला पूर्ण काळा, एकाला पांढरा. रेषांना एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची. छटांवरच भागवायचं असेल तर शेजारच्या दोन छटांत निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा. म्हणजे पांढऱ्या-काळ्यासकट चारच्या वर मालिका नकोत.

एक्सेलमधून छापत असाल तर ‘पेज सेटअप’च्या ‘शीट’ टॅबवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ची टिक आहे, ती लावली की अक्षरं काळी होतात आणि खान्यांचे रंग छापलेच जात नाहीत. खान्याचा रंगच काही सांगत असेल तर आधी शेजारी एक रकाना घालून ते शब्दांत लिहा.

## टप्पा ५: ट्रॅक चेंजेस

ट्रॅक चेंजेस म्हणजे कुणी काय घातलं, काय काढलं हे दाखवणारी वर्डची सोय. अशी दुरुस्त्या दाखवणारी फाइल छापली की प्रत्येक दुरुस्तीकाराचा रंग जवळजवळ सारखा येतो. अंतिम मजकूरच हवा असेल तर ‘फाइल’ → ‘प्रिंट’ मध्ये, जिथे ‘प्रिंट ऑल पेजेस’ दिसतं ती यादी उघडून खालची ‘प्रिंट मार्कअप’ची टिक काढा.

दुरुस्त्या कागदावर हव्यात तर ‘रिव्ह्यू’ टॅबवरून ट्रॅक चेंजेसच्या पुढच्या ऑप्शन्समध्ये जा. घातलेल्या मजकुराला ‘बोल्ड’, काढलेल्याला ‘स्ट्राइकथ्रू’ आणि दोन्हींचा रंग ‘बाय ऑथर’ऐवजी ‘ब्लॅक’ करा. कुणी काय बदललं हे मात्र यातून कळत नाही. ते कळायलाच हवं असेल तर रंगीत प्रत मेलने पाठवा.

## टप्पा ६: आता पीडीएफ

पीडीएफ झाल्यावर अक्षरांचा रंग तिच्यात पक्का होतो. म्हणून ती इथे, सहाव्या टप्प्यात. लिबरऑफिसमध्ये ‘एक्सपोर्ट’ने पीडीएफ करताना छपाईची ‘काळ्यात छापा’ ही टिक लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसऱ्याने पाठवलेली रंगीत पीडीएफ हातात आली आणि मूळ फाइल नाही, तर ॲडोबी रीडरच्या छपाईच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ बटण दाबा. तिथे ‘प्रिंट कलर ॲज ब्लॅक’ अशी टिक मिळाली तर पांढरं सोडून सगळं काळं छापलं जातं. निव्वळ मजकुरासाठी उत्तम. फोटो किंवा छटा असलेली पट्टी मात्र काळा ठोकळा होऊन येते. पहिल्याच खिडकीतला ‘ग्रेस्केल’चा पर्याय वेगळा आहे, तो छटाच देतो.

## टप्पा ७: प्रिंटरची सेटिंग्ज

बऱ्याच लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये सगळा मजकूर काळा छापण्याचा पर्याय असतो. एचपीच्या अनेक ड्रायव्हरमध्ये तो ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंट ऑल टेक्स्ट ॲज ब्लॅक’ या नावाने येतो. ब्रदर, क्योसेरा यांच्याकडेही याच अर्थाचा पर्याय मिळतो, शब्द थोडे वेगळे.

तो दिसतच नसेल तर विंडोजने आपोआप बसवलेला सर्वसाधारण ड्रायव्हर असण्याची शक्यता आहे. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर बसवा.

वर्डच्या छपाईच्या पानावरून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ बदलल्या तर त्या त्या वेळेपुरत्याच राहतात. कायमसाठी विंडोजच्या प्रिंटरच्या यादीत जाऊन ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ बदला. ‘काल केलं होतं, आज पुन्हा राखाडी आलं’ याचं कारण हेच असतं.

टोनर वाचवण्याचा पर्याय, एचपीवर ‘इकॉनोमोड’, ब्रदरवर ‘टोनर सेव्ह’, अंतिम प्रतींसाठी बंद करा. तो चालू असेल तर शुद्ध काळं अक्षरही फिकट येतं आणि तुम्ही उगाच फाइलमध्ये दोष शोधत राहता.

रंगीत इंकजेटवर ‘ग्रेस्केल’मध्ये दोन प्रकार असतात. एक फक्त काळी शाई वापरतो, दुसरा चांगल्या छटेसाठी रंगीत शाईही मिसळतो. मजकुरासाठी पहिला निवडा. दुसऱ्यात अक्षराला हलकी निळसर किंवा तांबूस झाक येते आणि रंगीत शाई संपते. भाड्याच्या मोठ्या यंत्रांवर रंगीत पानाचा दर वेगळा असतो, आणि फूटरमधली एक निळी लिंकही अख्खं पान रंगीत मोजायला पुरू शकते. म्हणून तिथे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हाताने निवडा, ‘ऑटो’वर सोडू नका.

तपासणी: मजकूर काळा करण्याचा पर्याय लावल्यावर काळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं पांढरीच राहिली ना, ते पाहा. ती काळी झाली तर पट्टी कोरी काळी दिसेल.

## टप्पा ८: एकच पान छापा

सगळ्यांत जास्त रंग होता ते पान निवडा, पहिलं नव्हे. पहिल्या पानावर बहुधा शीर्षक आणि तारीखच असते.

नवा प्रिंटर किंवा नवं दुकान असेल तर मी एक छोटा चाचणी-कागद नेते. त्यावर एकच ओळ, ‘अंतर्गत हिशेब, वंश, बाद, वर्षे, कृपया दुरुस्ती’, ९, ११ आणि १४ पॉइंटमध्ये, एकदा काळी, एकदा लाल, एकदा हिरवी. भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. काळ्या ओळीच्या कडा सलग हव्यात. लाल ओळ ठिपक्यांची दिसली तर ते यंत्र रंगाच्या छटा छापतंय. लाल ओळ काळ्यासारखीच सलग आली तर मजकूर काळा करण्याचा पर्याय चालू आहे.

दुकानात ‘ब्लॅक अँड व्हाइट द्या’ म्हटलं की चालवणारा बहुधा ग्रेस्केल निवडतो. त्याची चूक नाही, यंत्रावर तेच नाव असतं. फाइल आधीच काळी केलेली असेल तर त्याने काहीही निवडलं तरी तुमचं अक्षर सुरक्षित राहतं.

## टप्पा ९: प्रती

शक्य असेल तिथे सगळ्या प्रती फाइलमधूनच छापा. एक प्रिंट काढून तिच्या झेरॉक्स केल्या की राखाडी भाग आणखी बिघडतो: प्रिंटरने टाकलेले ठिपके झेरॉक्सचं यंत्र पुन्हा वाचतं, काही गाळतं, काही एकत्र करून डाग करतं. झेरॉक्स करावीच लागली तर मूळ प्रतीत एकही छटा ठेवू नका, पिवळ्या हायलाइटचीही नाही. फोटो किंवा छटेचा आलेख असलेलं पान वेगळं काढून ते तेवढं ‘टेक्स्ट-फोटो’ मोडवर करायला सांगा, बाकीची ‘टेक्स्ट’वर.

## एवढं करूनही राखाडी आलं तर

या क्रमाने शोधा. नव्या कोऱ्या फाइलमध्ये एक ओळ टाइप करून छापा. ती काळी आली तर दोष तुमच्या फाइलमध्ये आहे. टप्पा ३ मधले कोपरे पुन्हा पाहा, विशेषतः टेक्स्ट बॉक्स. तीही फिकट आली तर टोनर वाचवण्याचा पर्याय आणि छपाईची घनता तपासा. त्यानंतर प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचं स्वतःचं माहितीपान छापा. त्यात संगणकाचा काही संबंध नसतो. तेही फिकट असेल तर कार्ट्रिज बाहेर काढून आडवी धरा, पाच-सहा वेळा हलकेच हलवून परत बसवा आणि पुन्हा छापा. पानाच्या एकाच बाजूला उभा फिकट पट्टा राहत असेल तर टोनर संपत आला आहे किंवा आतल्या भागाची सफाई हवी आहे, आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं आहे.